अर्धा कप चहा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या तीस वर्षांनंतरच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना जे गाळलं, ते इथे लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पानावर मलाच जांभई आली. शेवटी फोन करून विचारलं, त्याऐवजी बाबांबद्दल बोलू का? तिकडून उत्तर आलं, "बोल ना. तुझ्या बाबांना इथे कोण नाही ओळखत?"

ते खरंच आहे. गांधीबागेच्या कापड बाजारात आमचं दुकान होतं, आणि जून महिना लागला की तुमच्यापैकी निम्मे लोक आपापल्या आईचा हात धरून तिथे यायचे. गणवेशाचं कापड. बाबा थान उलगडायचे, लोखंडी मीटरपट्टीवर सरसर मापायचे, कात्रीने एक टोक कापून उरलेलं टरकन फाडायचे. फाडताना रेघ कधी वाकडी गेली नाही. मी अभियंता झाले, पण इतकं अचूक काम आमच्या घरात मी केलेलं नाही, त्यांनी केलं.

२०१७ मध्ये बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. मागे वळून पाहिलं तर आजार आधीच येऊन बसला होता, आम्हीच ओळखला नाही. दोनतीन वर्षांपासून ते म्हणायचे, "कोऱ्या कापडाचा वास येईनासा झाला, खळ बदलली काय हे मिलवाले?" मिलवाल्यांनी काही बदललं नव्हतं. वास जाणं हे या आजाराचं हात थरथरायच्या कितीतरी आधीचं लक्षण असू शकतं. मग त्यांची सही लहान लहान होत गेली. एकदा बँकेतून धनादेश परत आला, सही जुळत नाही म्हणून. बाबा चिडले, आम्ही हसलो. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते, बाईंनी शिकवल्याप्रमाणे आधी व्याख्या. मेंदूच्या आतल्या भागात डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू कमी होतात. हालचाल सुरू करणं, ती सफाईने करत राहणं यासाठी ते रसायन लागतं. त्यामुळे कंप येतो, अंग ताठरतं, सगळं मंदावतं, तोल जातो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या 'कंपवाता'वर छोटा निबंध लिहिला. त्यात रुग्ण फक्त सहा, आणि त्यातले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले. आज जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज आहे. बरा होत नाही. १९६० च्या दशकात लेव्होडोपा आलं आणि रुग्णांना बरीच वर्षं चांगली मिळू लागली. आपल्याकडे आयुर्वेदात खाजकुयरीचं बी देतात, त्यातही लेव्होडोपाच असतं. म्हणूनच आमच्या एका नातेवाइकांनी प्रेमाने आणून दिलेली पुडी डॉक्टरांनी बंद करायला लावली. गोळीत औषध किती ते छापलेलं असतं, पुडीत किती ते कोणाला माहीत?

आता माझा अपराध.

मी पुण्यात, आईबाबा नागपुरात. दूर राहणारी मुलं जे करतात ते मी केलं : एक तक्ता बनवला. फोनवर एक ॲप घातलं. दोन बोटांनी स्क्रीनवर आळीपाळीने टकटक करायची, ॲप तीस सेकंदांतल्या टकटकी मोजतं. गोळीची वेळ, टकटकींचा आकडा, रोजची पावलं. रोज सकाळी दहाला आई ते करून घ्यायची आणि पुण्यात माझ्या पडद्यावर आलेख उमटायचा. औषधाचा डोस वाढला, आलेख वर गेला. मी ऑफिसात मैत्रिणींना दाखवला. बाबा सुधारताहेत!

२०२२ च्या उन्हाळ्यात पंधरा दिवस सलग घरी राहिले, तेव्हा कळलं की बाबा सात महिने घराबाहेरच पडले नव्हते. डॉक्टरकडे जाण्यापुरते पडायचे, तेही रिक्षात मागे सरकून बसून. करोनात दुकान बंद राहिलं ते निमित्त झालं. पुढे दुकान चुलतभावाने चालवायला घेतलं, आणि बाबांनी "आता माझं काय काम तिथे" म्हणत दार लावून घेतलं. रोजची पावलं तक्त्यात दिसत होती, पण ती सगळी माजघरातून अंगणात आणि अंगणातून माजघरात. दोन सख्ख्या मित्रांच्या नातवंडांची लग्नं झाली, बाबा गेले नाहीत. आईला सांगायला लावलं, पोट बिघडलंय.

आणि सकाळी दहाचं काय? गोळी नऊला घ्यायचे. दहाला औषध ऐन भरात असायचं. दुपारी साडेबाराला उतरायचं, तेव्हा शर्टाची गुंडी लागत नसे. ती वेळ माझ्या तक्त्यात नव्हतीच. डॉक्टरांनाही ती दिसत नव्हती, कारण दवाखान्यात जाताना आपण गोळी घेऊनच जातो. कामावर कोणी कनिष्ठ सहकाऱ्याने अशी चाचणी केली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं. सर्व्हरवर जेव्हा गर्दी नसते, तेव्हाच तपासून 'उत्तम चालतो' म्हणायचं, तसंच हे.

ही गोष्ट मी आमच्या डॉक्टरांना कबूल केली, तेव्हा त्यांनी एक प्रश्नावली हातात दिली. तिचं नाव पीडीक्यू-३९. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली, म्हणजे आपण दहावीचे पेपर देत होतो त्याच वर्षी. मला तिच्यातलं आवडलं ते हे, की प्रश्न डॉक्टरांनी टेबलाशी बसून ठरवलेले नव्हते. आधी रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, तुम्हाला जगताना नेमकं कुठे अडतं ते विचारलं, आणि त्यातून प्रश्न निघाले. त्याआधीची मापं, होएन आणि यार यांच्या १९६७ सालच्या पाच पायऱ्या घ्या किंवा १९८७ ची डॉक्टरांची मोठी मोजणी घ्या, मुख्यतः शरीराकडे पाहणारी. ही विचारते, गेल्या महिन्यात तुमचं कसं चाललं?

एकोणचाळीस प्रश्न, आठ गट. चालणं-फिरणं, रोजची कामं, मनःस्थिती, लोकांसमोर वाटणारी लाज, जवळच्यांचा आधार, स्मरण-एकाग्रता, बोलणं, अंगदुखी. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशी पाच उत्तरं, शून्य ते चार गुण. गटातली बेरीज शंभरावर आणायची. शून्य म्हणजे काही त्रास नाही, शंभर म्हणजे पराकोटीचा. शाळेच्या उलट, जितके मार्क कमी तितकं बरं.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत न्यायची तर रीतसर पद्धत असते. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत आणायचं, फरक पडला की बसून सोडवायचा, मग रुग्णांना वाचून दाखवायचं. मी तसलं काही केलं नाही. बाबांसमोर पाटावर बसून वाचत गेले आणि जमेल तसं आपल्या बोलीत सांगत गेले. शास्त्राच्या दृष्टीने हे कच्चंच. पण त्या कच्चेपणातूनच पुष्कळ कळलं.

अर्धा मैल चालताना त्रास होतो का, या प्रश्नावर बाबा म्हणाले, "मैल काय सांगून राहिली, दुकानाच्या दोन फेऱ्या म्हण ना." ताटातलं अन्न कापायला जड जातं का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "कापतं कोण आपल्यात?" आमच्याकडे अडचण होती एका हाताने पोळी तोडण्याची, आणि वरणभात कालवताना ताटाबाहेर जाण्याची. सुरी-काट्याच्या प्रश्नात ती कुठे बसवायची? घरातली दुरुस्तीची कामं जमतात का, या प्रश्नाला बाबा मनापासून हसले. त्यांनी उभ्या जन्मात खिळा ठोकलेला नाही, त्यामुळे अडचण शून्य. फार दिवसांनी हसले होते. या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, चेहरा कोरा दिसतो. गिऱ्हाइकांना वाटायचं, भाऊ नाराज आहेत. आम्हालाही वाटायचं.

मग चौथा गट आला. आजार लोकांपासून लपवावासा वाटला का? चारचौघांत खाणंपिणं टाळलं का? लोकांत ओशाळवाणं झालं का? लोक काय म्हणतील याची काळजी वाटली का? बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे कोणी लिहिलं? याला कसं माहीत?"

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. शेवटचे दुकानात गेले होते तेव्हा समोरच्या दुकानातून नेहमीचा चहा आला. कप उचलला आणि हाताच्या थरथरीने चहा समोरच्या गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या साडीवर सांडला. गिऱ्हाईक काही वाईट बोललं नाही. उलट म्हणालं, "राहू द्या काकाजी, वय झालं आता." बाबांनी साडी बाजूला ठेवली, तिचे पैसे स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकले, आणि घरी आले ते परत गेले नाहीत. पंचेचाळीस वर्षं कापडावर डाग पडू न देणारा माणूस. आईलाही हे माहीत नव्हतं.

आता आकडे सांगते, कारण गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत आणि आकडे न सांगता मी खाली उतरले तर त्या विचारतीलच. चालणं-फिरणं ३०. रोजची कामं ४२. मनःस्थिती ५०. लाज ८१. आधार शून्य, म्हणजे घरच्यांकडून काहीही कमी नाही. स्मरण २५. बोलणं ५०. अंगदुखी २५. आठही गटांची सरासरी काढली की एक एकत्रित आकडा येतो, तो आला ३८. नुसता ३८ पाहिला असता तर मी म्हटलं असतं, ठीक चाललंय. आत ८१ बसलेला होता.

त्याच वेळी मी थोडं वाचन केलं. २००२ साली सहा देशांतल्या हजारावर रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती. आजार कितव्या पायरीवर आहे आणि औषध कोणतं चालू आहे, या दोन गोष्टींनी मिळून माणसामाणसांतल्या जीवनमानाच्या फरकाचा फक्त १७ टक्के भाग उलगडत होता. त्यात आणखी तीन गोष्टी धरल्या : नैराश्य, मनातली आशा, आणि निदानाच्या वेळी डॉक्टरांनी आजार ज्या तऱ्हेने समजावून सांगितला त्याबद्दलचं समाधान. मग तो भाग ६० टक्क्यांच्या जवळ गेला. म्हणजे पहिल्या दिवशी कोण कसं बोललं हेसुद्धा वर्षानुवर्षं उरतं. आम्हाला ज्यांनी प्रथम निदान सांगितलं त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी चिठ्ठी लिहीत, मान वर न करता, "आता हे असंच राहणार" एवढं सांगितलं होतं. बाबा ते वाक्य अजून त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतात.

तर ८१ चं करायचं काय? त्यावर गोळी नाही. बाबांना मी पुण्याला आणलं. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्णांचा आणि घरच्यांचा स्वमदत गट. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून असे वर्ग चालतात, हे मी वाचलं होतं. बाबा नाचणार नाहीत याची मला खात्री होती आणि ते नाचलेही नाहीत. पण एका सभेला आले. चहाच्या वेळी त्यांनी पाहिलं, की कोणाचा कप दोन्ही हातांत आहे, कोणी नळीने पितोय, कोणाच्या शर्टावर सांडलंय, आणि कोणी कोणाकडे पाहत नाहीये. बाबांनी चहा घेतला. मी खिडकीबाहेर पाहत उभी राहिले. परतीच्या वाटेत म्हणाले, "मोठा कप घ्यायचा आणि अर्धाच भरायचा. साधी गोष्ट आहे."

नागपूरला परतल्यावर त्यांनी स्वतः एक केलं. या आजारात कधी कधी चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात. अशा वेळी जमिनीवर आडव्या रेघा असल्या, तर त्या ओलांडायला पाऊल उचललं जातं. डोळ्याला खूण मिळाली की पायाला वाट मिळते. बाबांनी दुकानातून रंगीत किनारीचे तुकडे आणले, मीटरपट्टीने सारखं अंतर मापलं आणि माजघरापासून उंबरठ्यापर्यंत फरशीवर चिकटवले. हात थरथरत होता, पट्ट्या सरळ लागल्या. मग दुकानातही लावल्या. आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे? बाबा सांगतात, मला पार्किन्सन्स आहे. हे वाक्य त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर म्हटलं, तेव्हा चुलतभावाने मला मुद्दाम फोन केला होता.

त्या वर्षीच्या मारबतीच्या मिरवणुकीला ते दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. गर्दीत पाय अडकतील म्हणून उतरले नाहीत, पण ओरडले म्हणे. आवाज बारीक झालाय, कोणाला ऐकू गेला नसेल. पुढे सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रो सुरू झाली तेव्हा आईला घेऊन अग्रसेन चौकातून बसले, शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि काही काम नसल्याने परत आले.

२०२३ मध्ये पुन्हा तेच एकोणचाळीस प्रश्न. आजार पुढे सरकला होता, त्याला इलाज नव्हता. चालणं ३० वरून ४५. रोजची कामं ५०. स्मरण ३८. अंगदुखी ३३. बोलणं होतं तसंच, ५०. पण मनःस्थिती ५० वरून ३३ वर आली होती आणि लाज ८१ वरून ३१ वर.

आणि आधार? पहिल्यांदा शून्य होता, आता १७. मी घाबरले. आमचं काही चुकलं का? मग लक्षात आलं, पहिल्या वेळी आई शेजारी बसून भाजी निवडत होती. बायको शेजारी बसलेली असताना बायकोचा आधार कमी पडतो का, याचं उत्तर कोणता नवरा देईल? दुसऱ्या वेळी ती देवळात गेली होती. मी विचारलं, बाबा, आई कुठे कमी पडते? ते म्हणाले, "कमी नाही पडत. जास्त पडते. मी वाक्य सुरू करतो आणि ती संपवते." प्रश्नावलीत 'जास्त पडते' असं उत्तर नाही. मी दोन गुण लिहिले. आईला मागाहून सांगितलं, ती दोन दिवस रुसली. आता ती थांबते. अर्धा मिनिट, कधी पाऊण मिनिट. त्या पाऊण मिनिटात तिच्या चेहऱ्याकडे पाहण्यासारखं असतं.

आठ गटांची सरासरी काढली. ३७. सात महिने कोंडून घेतलेल्या माणसाचा आकडा ३८, आणि मेट्रोत बसून उगाच फिरून आलेल्या माणसाचा ३७. एकत्रित आकड्यात एकाचा फरक. बाई, तुम्ही सरासरी शिकवली तेव्हा नदीची सरासरी खोली गुडघ्याएवढी असूनही माणूस बुडतो, हे सांगितलं होतं. आम्ही तेव्हा हसलो होतो. मला वाटतं तो धडा मला ४३ व्या वर्षी समजला.

प्रश्नावली वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तिच्याशिवाय मला साडी कळली नसती. हजार रुग्णांवर एखादं औषध तपासायचं तर असा एकच आकडा लागतो, आणि तो या प्रश्नावलीने जगभर दिला आहे. तिचीच आठ प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, गर्दीच्या दवाखान्यात तीही पुष्कळ. पण घरात एकच माणूस असतो. मी आता तक्ता बंद केला आहे. महिन्यातून एकदा फोनवर चौथ्या गटातले चार प्रश्न विचारते, तेही इकडच्या तिकडच्या गप्पांत घालून. बाबांना ते कळतं. "घे, तुझा पेपर सुरू झाला," म्हणतात.

आणखी एक. आजची यादी करताना संयोजकांना आपल्या एका जुन्या शिक्षकांच्या घरून निरोप आला, तब्येतीमुळे येऊ शकत नाहीत. कोणता आजार ते घरच्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. पण मी उद्या दुपारी त्यांच्याकडे जाणार आहे. कोणाला यायचं असेल त्यांनी मला जेवणाच्या वेळी भेटा. चारपाच जणच जाऊ, गर्दी नको. निघण्याआधी फोन करून त्यांच्या सोयीची वेळ विचारू, आणि सर बोलायला लागले की कोणी मध्ये बोलायचं नाही. वर्गात हा नियम होताच.

बाबा आज इथे आले आहेत. तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची, निळा शर्ट. त्याच्या गुंड्या आज त्यांनी स्वतः लावल्या, म्हणून आम्हाला यायला उशीर झाला. चेहऱ्यावरून वाटेल की भाषण आवडलं नाही. तसं समजू नका. भेटायला गेलात तर हात पुढे करा, ते करतील, थोडा वेळ लागेल.

आता चहा येतोय. वाटपाला उभ्या असलेल्या नववीच्या मुलांना एवढंच सांगते : काकाजींना मोठा कप द्या रे, आणि अर्धाच भरा.